अप्पांची विरक्ती

परवा एका लग्नात अक्कलकोटकडचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. मी कुणाची मुलगी ते कळल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, तुमचे अप्पा म्हणजे मोठे विरक्त पुरुष. मी मान हलवली आणि पानातलं संपवलं. पूर्वी अशा वेळी माझा राग तोंडावर दिसायचा. आता वय झालं, तोंड आवरतं घेता येतं. पण राग गेलेला नाही. माझ्या वडिलांना विरक्ती आली नव्हती. त्यांना आजार झाला होता, आणि त्या आजारावर लोकांनी विभूती फासली.

आमची सोलापूरच्या भुसार बाजारात आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य दलालीवर विकून द्यायचं दुकान. अप्पा आणि काका, दोघं भाऊ बघायचे. त्या काळी तिथं भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं धरायचे, दाबायचे, सोडायचे, आणि आजूबाजूच्या कुणाला काही कळायच्या आत ज्वारीचा सौदा झालेला असायचा. अप्पांचा त्यात हातखंडा. तोंडाने ते भलतंच काहीतरी बोलत असायचे, समोरच्याच्या पोराच्या लग्नाचं नाहीतर सासूच्या गुडघ्याचं, आणि उपरण्याखाली बोटं आपलं काम करत असायची. घरी येऊन अव्वाला म्हणजे माझ्या आईला सांगायचे, बायका घासाघीस करतात तिला कटकट म्हणतात, आम्ही करतो तिला व्यापार म्हणतात. अव्वा म्हणायची, आणि तुम्ही घरात करता तिला काय म्हणायचं?

असा माणूस होता. गप्पिष्ट, खोडकर, भाकरी कडक नसेल तर ताटावरून उठणारा. मी पेपर वाचत बसले की मला कलेक्टरीणबाई म्हणून हाक मारायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना वाटायचं की ते जन्मापासून तसेच गंभीर होते.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. चिमटीत तपकीर मळावी तसा तो बोटांवर आपोआप फिरत राहायचा. घरात आम्हाला त्याची गंमत वाटली. बाजारात मात्र ती गंमत नव्हती. उपरण्याखाली ज्याचा हात थरथरला तो अडचणीत आहे, तो वाकणार, असा तिथला हिशोब. एका व्यापाऱ्याने सौदा तुटल्यावर मोठ्याने सांगितलं की आज अप्पा भ्यालेला आहे, हात लटलटतोय. बाजार हसला. अप्पाही हसले. म्हणाले, ‘अरे, मी भ्यालो न्हाई. हात भ्यालाय.’

ते खरं होतं. त्या दिवशी ते अजिबात भ्यालेले नव्हते. पण भाव चुकायला लागले, बोटं एक सांगायची आणि थरथर दुसरंच सांगायची. मग उपरण्याखालचा हात काकांचा झाला आणि अप्पा गादीवर बसून राहिले.

गावातल्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, इंग्रजी नावही सांगितलं, आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. हात जरा नरमला. पण तोंडाला कोरड पडायची, पोट साफ व्हायचं नाही, आणि बोलता बोलता शब्द सापडेनासे व्हायचे. चालणं मंद झालं. सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा. अप्पांचा चेहरा हळूहळू हलायचा थांबला. कपाळाच्या आठ्या गेल्या, ओठांच्या कडेला असलेलं ते मिस्कील वाकडं वळण गेलं, पापण्यासुद्धा कमी लवायला लागल्या. बघणाऱ्याला वाटावं, किती शांत माणूस. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा आहे, स्नायू आखडतात. ते आम्ही ऐकलं आणि विसरलो. रोज समोर शांत चेहरा दिसत असताना त्याच्या मागे काही असेल हे कोण लक्षात ठेवतो?

पुढे त्यांनी दुकानात जाणं सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. एक दिवस अंगरखा घालायला उठलेच नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बसले. ज्वारी काय भावाने गेली हे काका मुद्दाम त्यांच्यासमोर बोलायचे, तर हे खिडकीबाहेर बघत. शेंगाची चटणी, दही, काही पुढे केलं तरी दोन घास खाऊन ताट सरकवायचे. पहाटेच जागे व्हायचे आणि छताकडे बघत पडायचे. कुणाशी भांडण नाही, कशाची मागणी नाही. मला ते बघवायचं नाही. मी पेपर घेऊन त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने बातम्या वाचायची, तिरकं काहीतरी बोलतील म्हणून. ते ऐकून घ्यायचे. कलेक्टरीणबाई मात्र कधी म्हणाले नाहीत.

याच सुमारास आमच्याकडे नेहमी येणारे मठातले अय्या आले. अय्या म्हणजे जंगम, आमच्या घरचे गुरू. ते अप्पांच्या समोर बराच वेळ बसले. अप्पा एक शब्द बोलले नाहीत. उठताना अय्यांनी अव्वाला सांगितलं की यांचा धंद्यावरचा लोभ सुटला, अन्नावरचा सुटला, माणसांवरचा सुटला. ही विरक्ती आहे. मागच्या जन्मीचं पुण्य असल्याशिवाय घरबसल्या अशी विरक्ती येत नाही.

आमच्या लोकांत विरक्त हा साधा शब्द नव्हे. संसार सोडून मठात बसलेल्या स्वामींना विरक्त म्हणतात, त्यांच्या पायावर पाणी घालतात. ते नाव घरातल्या माणसाला मिळालं म्हटल्यावर अव्वाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड दिसला. इतके दिवस लोक तिला विचारत होते, काय झालं हो मालकांना? तिच्याकडे उत्तर नव्हतं, आता मिळालं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी गल्लीतल्या बायका आल्या, मग अक्कलकोटचे पाहुणे, मग ज्या बाजाराने ‘अप्पा भ्याला’ म्हणून हसून घेतलं होतं त्याच बाजारातले लोक. यायचे, खुर्चीपुढे वाकायचे, पायाला हात लावायचे. अप्पा पाय मागे ओढून घ्यायचे. त्यांना ते सोसायचं नाही, मला स्पष्ट दिसायचं. पण लोकांना त्यातही नम्रता दिसली. एकदा एखाद्याला संत ठरवला की मग तो शिंकला तरी उपदेशच असतो.

घरात आम्हाला मात्र एकच चिंता लागून राहिली होती, ती हाताची. थरथर आता डाव्या हातात आली होती. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्याच्यावर पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. त्या तळव्यालाच देवघर समजायचं. अप्पांचा तळवा थरथरायला लागला तसं पाणी सांडायचं, पान घसरायचं. लिंग खाली पडलं तर काय, हे तोंडाने उच्चारायचीसुद्धा कुणाची हिंमत नव्हती. अव्वा शेजारी बसून आपला हात त्यांच्या हाताखाली धरायची. पूजा संपेपर्यंत अप्पांच्या कपाळावर घाम यायचा. त्यामुळे आमची सगळ्यांची समजूत अशी झाली की बाकी सगळं ठीक आहे, विरक्ती आहे, समाधान आहे, फक्त हा हात एकदा स्थिर झाला की झालं.

आणीबाणीच्या दिवसांत पुण्याला मेंदूचे एक मोठे डॉक्टर आहेत असं कळलं. मी आणि काका अप्पांना रेल्वेने घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, हात उघडझाप करायला लावला, आणि सांगितलं की आता लेव्होडोपा म्हणून नवीन औषध आलंय, त्याने खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालायला लागली आहेत. येताना काकांनी त्या गोळ्या मांडीवर घेऊन प्रवास केला. मी इतकी खूश होते की दौंडला गाडी थांबली तेव्हा अप्पांना म्हटलं, आता तुम्ही परत बाजारात.

सुरुवातीला त्या गोळ्यांनी जीव नकोसा केला. खाल्लेलं टिकायचं नाही, उभं राहिलं की चक्कर यायची. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडी थोडी वाढवत नेली, आणि मग एका सकाळी हात थांबला. खरोखर थांबला. अप्पा आपणहून उठले, आंघोळ केली, पाटावर बसले आणि डाव्या तळहातावर लिंग घेतलं. पाणी सांडलं नाही, पान हललं नाही. अव्वाने खाली हात धरला होता, तो तिने हळूच काढून घेतला आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. त्या दिवशी घरात हुग्गी शिजली. गव्हाची ती खीर अव्वाने गल्लीभर वाटली. मीही ताटं घेऊन पळत होते. विज्ञान शिकणारी मुलगी, तरी मला त्या दिवशी देव आणि डॉक्टर दोघेही पटले.

दुपारी घरात सामसूम झाली तेव्हा अप्पांनी मला खुर्चीजवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. आमच्या घरात मराठी आणि कानडी अशी भेळच चालायची, पण मनातलं अगदी आतलं बोलायचं असलं की अप्पा कानडीवर जायचे. ते म्हणाले, ‘विरक्ती अल्ल. अंजिकी.’

विरक्ती नव्हे, भीती.

मला पहिल्यांदा वाटलं, लिंग पडायची भीती म्हणत असतील. मी म्हटलं, आता कशाला, हात तर थांबला की. त्यांनी मान हलवली. मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे थांबत, आणि चेहऱ्यावर एक रेष न हलवता. डोळे उघडायच्या आधीच ती छातीत येऊन बसलेली असते म्हणाले. कुणी जिन्यात वाजलं तरी जीव घशात येतो. बाहेर जायचं तर रस्ता ओलांडायच्या विचारानेच पाय जागचे हलत नाहीत, म्हणून दुकान सुटलं. अन्नाला चव नाही, माणसांत मन नाही. लोक पाया पडतात तेव्हा ओरडावंसं वाटतं.

‘कशाची भीती वाटती, अप्पा?’

‘कशाचीच न्हाई. म्हणून तर घालवता येत न्हाई.’

मग त्यांनी डावा तळवा उघडून माझ्यापुढे धरला. आणि ते म्हणाले, ‘आज हात थांबला. लिंगाकडं बघितलं. मला त्यात काय बी दिसलं न्हाई ग. नुसता दगड.’

आमच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजावून सांगता येणार नाही. त्यांना स्वतःलाही ते ऐकून काय वाटलं असेल, पण चेहरा तसाच, शांत. त्या चेहऱ्याचा मला त्या दिवशी जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही. शेवटी ते म्हणाले, ‘डॉक्टरला सांग. हे बी आजारातलंच आसंल. सांगून बघ.’

म्हणजे ते काय मागत होते ते मला नीट कळलं होतं. त्यांना आजारी म्हणवून घ्यायचं होतं. संत म्हणून नव्हे, आजारी म्हणून कुणीतरी आपल्याकडे बघावं, एवढंच.

मी पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हात पाहिला, चालणं पाहिलं आणि फार समाधान व्यक्त केलं. मी पुन्हा सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, ऐकून घेतलं, म्हणाले, एवढा मोठा आजार म्हटल्यावर माणूस खचतोच, त्यांना हिंडवा-फिरवा, भजनाला न्या. मी म्हटलं, डॉक्टर, हात बरा झाल्यावरसुद्धा खचतो का माणूस? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मी मनात म्हटलं, तोंडाने नाही. मग त्यांनी उदासीवरची एक गोळी लिहून दिली.

ती गोळी आधीच्या गोळ्यांवर पडली आणि अप्पांची लघवी तुंबली. भिंतीवर मुंग्या चाललेल्या दिसायला लागल्या, मेलेली आत्या दारात उभी दिसायला लागली. इस्पितळात नळी घालावी लागली. गोळी बंद झाली. त्यावर आणखी काही करता येईल का, हे मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हाताचं जमलंय ते सांभाळा, मनाचं औषध या वयात झेपायचं नाही, हवंच असेल तर मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पुण्यातला पत्ता दिला.

दरम्यान नवीन गोळीचंही खरं रूप दिसायला लागलं होतं. एका गोळीचा जोर उतरून दुसरी चढेपर्यंतचा जो वेळ असायचा, त्यात भीती उसळायची. हात लटलटण्याच्याही आधी ती यायची. अप्पा खुर्चीचे हात घट्ट धरायचे, गोळीची वेळ झाली का म्हणून विचारायचे, आणि त्यांचे ओठ थरथरत राहायचे. एकदा नेमके तेव्हाच पाहुणे आले. ओठ हलताना बघून त्यांनी एकमेकांना खुणावलं, बोलू नका, जप चाललाय. सगळे हात जोडून खुर्चीभोवती बसले, आणि मधे माझा बाप भीतीने गुदमरत होता. मी गोळी आणि पाणी घेऊन आले तर त्यातल्या एका बाईने मला हळूच दटावलं, जप होऊ दे की, मग दे.

त्या दिवशी माझा संयम सुटला. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात अव्वाला सगळं सांगितलं. विरक्ती नाही, जप नाही, त्यांना भीती वाटते, मन मेलंय, आणि हा आजार आहे. पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेऊ आणि लोकांनाही तसं सरळ सांगू. दगडाचं तेवढं सांगितलं नाही.

अव्वा परातीत पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. ती साध्या आवाजात म्हणाली, ‘मला काय कळत न्हाई व्हय? मी त्यांच्या शेजारी निजती.’

तिने पिठावर पाणी शिंपडलं.

‘विरक्ती म्हणलं की लोक पाय धरत्यात,’ ती म्हणाली. ‘भ्यालाय म्हणलं, येड्याच्या डॉक्टरकडं नेलाय म्हणलं, की दार लावून घेतील. मंगळवारी तुला बघायला येणार हाईत. त्या लोकांनी विरक्त माणसाचं घर म्हणून विचारलंय. येड्याचं घर म्हणून न्हाई.’

मी म्हटलं, मला नको ते लग्न. ती म्हणाली, तुझं नको, मग तुझ्या मागच्या बहिणीचं? तिच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. हे मला तेव्हाही दिसत होतं. तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये फक्त पडदा होता. मी पडदा बाजूला करून बाहेर आले तेव्हा अप्पा खुर्चीत बसलेले होते. खिडकीकडे नव्हे, पडद्याकडे तोंड करून.

मंगळवारी पाहुणे आले. ते यायच्या आधी अप्पांनी स्वतः अव्वाकडे गोळी मागून घेतली. अंगरखा घालून घेतला, विभूती लावून घेतली. मुलाचे वडील वयाने त्यांच्याएवढेच, मोठे कापडवाले. ते खुर्चीपुढे वाकले. मी दारातून बघत होते, अप्पा पाय ओढून घेतील म्हणून वाट बघत. त्यांनी पाय जागचे हलवले नाहीत. गोळी चढलेली होती. त्यांनी उजवा हात उचलला, त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला आणि कानडीत आशीर्वाद दिला. हात जराही हलला नाही. मुलाचे वडील उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते काकांना म्हणाले, अशा घरची मुलगी मिळणं आमचं भाग्य.

त्यानंतर अप्पांनी कुणाच्याही पुढून पाय काढून घेतला नाही. लग्न झाल्यावर मी माहेरी यायची तेव्हा ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले असायचे, ओठ हलत असायचे. दार लावून घेऊन मी विचारायची, अप्पा, अंजिकी आहे ना? डॉक्टरांना सांगू?

‘न्हाई ग,’ ते म्हणायचे. ‘आता बरं हाय.’